‘प्रूफरीडिंग’च्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच सत्रात माझी जी फसवणूक झाली, ती मी सविस्तर लिहीत आहे. अशा सापळ्यात केवळ आळशी किंवा अप्रामाणिक विद्यार्थीच अडकतात, असा एक समज आहे. माझ्या अनुभवाने तो खोटा ठरवला आहे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ बँड मिळवून मी प्रवेश घेतला होता आणि इंग्रजीची चिंता आता मिटली, असे मला वाटत होते. पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर ‘वर्णन भरपूर आहे, विश्लेषण नाही, तुमचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे?’ असा शेरा होता आणि मी जेमतेम उत्तीर्ण झाले होते. वाचलेले मुद्दे नीटनेटके मांडले की उत्तर पूर्ण झाले, या सवयीत मी वाढले होते, आणि येथे नेमके त्यालाच गुण नव्हते.

विद्यापीठाच्या शैक्षणिक कौशल्य केंद्रात मला अर्ध्या तासाची विनामूल्य भेट मिळाली. तेथील मार्गदर्शिका बाईंनी माझा निबंध दुरुस्त करून देण्यास स्पष्ट नकार दिला. त्यांनी आठ वाक्यांचा एकच परिच्छेद निवडला, पेन्सिल माझ्या हाती दिली आणि यातले तुझे स्वतःचे म्हणणे कोणत्या वाक्यात आहे ते अधोरेखित कर, असे सांगितले. मला एकही वाक्य अधोरेखित करता आले नाही. त्या वेळी मात्र मला ते शिकवणे न वाटता टाळाटाळ वाटली, आणि मी पुन्हा तिकडे फिरकले नाही. माझी खरी चूक येथे झाली, पुढचे सारे तिच्यातून घडले.

दुसऱ्या निबंधाची मुदत जवळ आली असताना विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला. त्यात विद्यापीठाचे बोधचिन्ह होते आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी प्रूफरीडिंग व शैक्षणिक लेखनसाहाय्य असा मजकूर होता. मी विचारणा केली, तेव्हा त्या व्यक्तीने मला ताई म्हणत, अगदी धीर देणाऱ्या शब्दांत, फक्त व्याकरण तपासून देऊ असे सांगितले. पहिला मसुदा खरोखरच तसा तपासून आला आणि माझा विश्वास बसला. त्यानंतर ‘मांडणीही सुधारू’ असे ठरले, रक्कम वाढली, आणि शेवटी टर्निटिनवर, म्हणजे इतरत्र असलेल्या मजकुराशी जुळणारा भाग शोधणाऱ्या प्रणालीवर, तपासणी करण्यासाठी माझ्या विद्यार्थी पोर्टलचा पासवर्ड मागण्यात आला. मी तो दिला.

परत आलेला निबंध मी मुदतीच्या रात्री घाईघाईने सादर केला. नंतर शांतपणे वाचताना दिसले, की ‘सॅम्पल साइझ’ (नमुन्याचा आकार) या साध्या संज्ञेच्या जागी ‘स्पेसिमन मॅग्निट्यूड’ असे शब्द आले होते, म्हणजे कोणीतरी समानार्थी शब्द यांत्रिकपणे बदलत गेले होते. संदर्भसूचीतील एका लेखाचे नियतकालिक खरे होते, खंड क्रमांकही खरा होता. पण ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो खंड उघडला, तर त्या पानांवर वेगळ्याच विषयाचा लेख होता.

मी जाब विचारताच भाषा बदलली. ‘अंतिम शुल्क’ म्हणून जवळजवळ महिन्याच्या घरभाड्याइतकी रक्कम मागण्यात आली, आणि ती न दिल्यास आमचे सारे संभाषण विद्यापीठाला पाठवू, तुझा व्हिसा रद्द होईल, तू गुन्हा केला आहेस, असे धमकावण्यात आले. पुराव्यादाखल माझ्या पोर्टलच्या पानांची छायाचित्रे पाठवली होती. मी घाबरून एकदा पैसे दिले. चार दिवसांनी पुन्हा मागणी आली.

जे मला तेव्हा ठाऊक असते तर मी पैसे दिले नसते, ते येथे लिहिते. दुसऱ्याकडून पैसे देऊन शैक्षणिक काम करून घेण्याला ‘कॉन्ट्रॅक्ट चीटिंग’ म्हणतात. हा शब्द २००६ पासून रूढ झाला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशा सेवांविरुद्ध कायदे केले. या कायद्यांनी गुन्हेगार ठरतो तो सेवा विकणारा; विद्यार्थ्याचे प्रकरण विद्यापीठाच्या शिस्तीच्या नियमांनुसार हाताळले जाते. खंडणी मागणे हा या धंद्याचा ठरलेला भाग आहे, आणि ऑस्ट्रेलियातील उच्चशिक्षण नियामक संस्थेने विद्यार्थ्यांना त्याबद्दल उघडपणे सावध केले आहे. टर्निटिनची भीती दाखवून पासवर्ड मागणे हाही बहाणाच आहे, कारण त्या अहवालातील टक्केवारी फक्त जुळणारा मजकूर दाखवते. त्यात अवतरणे आणि संदर्भसूचीही मोजली जाऊ शकते, आणि ती वाचून निर्णय शेवटी शिक्षकच घेतात.

दुसऱ्या मागणीनंतर मी विद्यार्थी संघटनेच्या सल्ला विभागात गेले. त्यांनी प्रथम पासवर्ड बदलायला लावला, पैसे देणे थांबवायला सांगितले, सर्व संदेश जपून ठेवायला सांगितले आणि चौकशीला बोलावणे येण्याआधी मी स्वतः माझ्या अभ्यासक्रमाच्या विभागाला लिहावे असे सुचवले. मी लिहिले. चौकशी समितीपुढे मला माझ्याच निबंधातील संज्ञांचे अर्थ विचारण्यात आले, आणि त्यांतील दोन मला सांगता आले नाहीत. त्या निबंधाला शून्य गुण मिळाले व पुन्हा लिहिण्याची संधी मिळाली, तीही केवळ उत्तीर्ण होण्याइतक्या गुणांच्या मर्यादेत. शिक्षा योग्य होती, असे मी मानते.

पुनर्लेखनासाठी मी कौशल्य केंद्रातील त्याच बाईंकडे गेले. त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल एक शब्दही न विचारता पुन्हा एक परिच्छेद पुढे ठेवला. संशोधकाचे म्हणणे कोणत्या क्रियापदाने मांडावे, ‘सिद्ध होते’ आणि ‘सूचित होते’ यांत किती अंतर आहे, दोन लेखक एकमेकांशी असहमत असतील तर आपण कोणत्या बाजूला आणि का, हे त्या एकेका वाक्यावर थांबून विचारत राहिल्या. चुका त्यांनी तेव्हाही दुरुस्त केल्या नाहीत. मँचेस्टर विद्यापीठाचा ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’ हा शैक्षणिक लेखनातील नेहमीच्या वाक्यरचनांचा संग्रह मोफत उपलब्ध आहे, तेवढा दाखवला. तिसऱ्या भेटीत मी परिच्छेदातील तीन वाक्ये अधोरेखित केली.

या सत्राच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांच्या गटावर तोच संदेश, तेच बोधचिन्ह लावून, दुसऱ्या क्रमांकावरून आला. मी त्याखाली माझा अनुभव आणि केंद्राच्या भेटींच्या वेळा लिहिल्या, आणि तो क्रमांक विद्यापीठाच्या शैक्षणिक सचोटी कक्षाला कळवला. त्या रात्री दोन विद्यार्थिनींनी मला वेगळा संदेश करून विचारले, की पैसे दिलेले असतील तर आता काय करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघींना सल्ला विभागात घेऊन गेले.