दांडीवाला डिजिटल थर्मामीटर: ९९ दाखवतो म्हणून परत करू नका

स्टीलची दांडी, वर छोटा डिस्प्ले, उणे ५० ते ३०० अंशांचा दावा. हा बिनब्रँडचा थर्मामीटर नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मिळतो आणि ऑनलाइनही. एक तारा देणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते, ‘उकळत्या पाण्यात १०० येतच नाही.’ नागपुरात येणारही नाही! शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथे पाणी ९९च्या आसपासच उकळतं.

खरी परीक्षा बर्फाची. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, फटी भरतील एवढंच थंड पाणी ओता, दोन-तीन मिनिटं ढवळा. टोक मधोमध धरा, पेल्याला लागू देऊ नका. आकडा उणे १ ते अधिक १ मध्ये थांबला तर बिनधास्त ठेवून घ्या. बर्फ शिल्लक असेपर्यंत तो शून्यापाशीच बसतो. किलोभर बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता पितो, त्याची आंतरिक ऊर्जा वाढते, पण थर्मामीटरला पत्ताही लागत नाही. त्याला कळतं फक्त स्वतःच्या टोकाचं तापमान.

टोकात थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानानुसार विजेला कमी-जास्त अडवणारा छोटा भाग. तो तापला की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) घटतो आणि त्यावरून चिप अंश काढते. त्यामुळे टोक पदार्थाइतकं तापू द्या, आकडा हलायचा थांबला की मगच वाचा. दांडी तीन-चार सेंटिमीटर तरी बुडवा. नुसतं टोक टेकवलं तर उष्णता दांडीतून वर निसटते आणि आकडा कमी येतो. कढईच्या बुडाला लागली तर उलटं, जास्त येतो. विरजणाचं दूध (४० ते ४५), तळणाचं तेल (१८०च्या आगेमागे) यांना एकदम झकास.

कच्चा आहे तो वरचा प्लास्टिकचा भाग. वाफ शिरली की डिस्प्ले आतून धुरकटतो. नळाखाली धरू नका, दांडी ओल्या फडक्याने पुसा. आकडे फिके दिसले तर आधी बटन सेल बदला.

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गच्चीवर ठेवून ‘आज ५२!’ असे फोटो टाकणाऱ्यांसाठी मात्र शून्य तारे. उन्हात दांडी स्वतःच तापते, तो आकडा दांडीचा, हवेचा नाही. वेधशाळेत थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात ते यासाठीच. हवाच मोजायची तर सावलीत, तापलेल्या भिंतीपासून लांब, पंख्यासमोर धरा.