डबाबंद टोमॅटो: कोणत्या पदार्थाला कोणता डबा

पावसाळ्यात चोइथराम मंडीतला टोमॅटो महागला, की इंदुरातल्या मराठी घरांतही डबाबंद टोमॅटोची आठवण होते. दुकानात सोललेले अख्खे टोमॅटो, चौकोनी तुकडे, प्युरी आणि पेस्ट एकाच फळीवर मांडलेले असतात, पण एकाच्या जागी दुसरा कितपत चालेल, हे लेबलावर कुठेही लिहिलेले नसते. आपल्या रोजच्या स्वयंपाकासाठी एकच डबा घ्यायचा असेल, तर तो सोललेल्या अख्ख्या टोमॅटोंचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अख्खा टोमॅटो चिरता येतो, हाताने कुस्करता येतो आणि मिक्सरमधून काढला की त्याची प्युरीही होते. देठाजवळचा पिवळसर, कडक भाग तेवढा काढून टाकावा, नाहीतर तो सारात दाताखाली येतो. अनेक 400 ग्रॅमच्या डब्यांवर निथळलेले वजन 240 ग्रॅम छापलेले असते. उरलेला रस ओतून न देता सारालाच वापरावा. काही इटालियन डब्यांत बेसिलचे पान असते आणि ते काढून टाकले तरी त्याचा वास जिरे-कढीपत्त्याच्या फोडणीला शेवटपर्यंत खटकत राहतो. कांपानिया प्रांतातले नावाजलेले सान मार्झानो टोमॅटो पास्त्यासाठी जरूर आणावेत, पण ज्या रश्श्यात गोडा मसाला पडणार आहे, त्यासाठी एवढा खर्च करणे व्यर्थ आहे.

सर्वांत फसवा प्रकार चौकोनी तुकड्यांचा. तुकड्यांचा आकार टिकावा म्हणून त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते आणि ते टोमॅटोचा गर बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. परिणामी कांदा परतून, तेल सुटेपर्यंत शिजवले, तरी तुकड्यांचे कोपरे तसेच राहतात, आणि पळीने कढईच्या कडेला दाबले तर फुटण्याऐवजी निसटतात. भाजीत टोमॅटोच्या फोडी दिसायला हव्या असतील तर हा गुण आहे. मसाला एकजीव हवा असेल तर दोष. राजमा किंवा छोले यांच्याबरोबर हे तुकडे कुकरमध्ये मुळीच घालू नयेत, कारण आंबटपणा आणि कॅल्शियम या दोहोंमुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही. तुरीच्या डाळीलाही हाच नियम लावावा: आधी डाळ शिजवून घोटावी, मग टोमॅटो घालावा.

पेस्टीचे प्रमाण समजायला थोडे गणित लागते. कोडेक्स या खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार पेस्टमध्ये टोमॅटोचे विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) घन पदार्थ किमान 24 टक्के असावे लागतात, तर प्युरीत ते 7 टक्क्यांपासून 24 टक्क्यांच्या आत असतात. म्हणजे एक भाग पेस्टमध्ये दोन ते अडीच भाग पाणी घातले, तर पातळ प्युरीचे काम भागते. मात्र आटवलेल्या टोमॅटोचा तो गडद रंग आणि शिजकट गोडी पाण्याने जात नाही, म्हणून सारासाठी पेस्ट मला पसंत नाही. पनीरच्या किंवा अंड्याच्या रश्श्यात ती छान मुरते, फक्त आधी तेलात चांगली परतावी. उलट पेस्टीच्या जागी प्युरी वापरायची तर ती बरीच आटवावी लागते, आणि तेवढा वेळ नसेल तर रस्सा पातळच होतो.

डबाबंद टोमॅटोत पुष्कळदा सायट्रिक आम्ल आणि मीठ असते. त्यामुळे आमसूल किंवा चिंच घालण्याआधी चव पाहावी, मीठ शेवटी घालावे आणि गुळाचा खडा नेहमीपेक्षा थोडा मोठा घ्यावा. कोशिंबिरीला यांतला एकही प्रकार चालत नाही, कारण डब्यातला टोमॅटो उष्णता देऊन टिकवलेला आणि म्हणून मऊ पडलेला असतो.

फुगलेला डबा न उघडताच टाकून द्यावा. उघडलेल्या डब्यातले उरलेले टोमॅटो पत्र्यात न ठेवता काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि पेस्ट उरली तर बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवून ठेवावी.