कुरआन समजून घ्यायचाय : आधी शब्द की आधी व्याकरण?

आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी मकतबमध्ये कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) संपवला, मग नाजरा, म्हणजे पाहून, कुरआन वाचला, काहींनी खत्मही केला. अक्षरं ओळखता येतात, तजवीद, म्हणजे शुद्ध उच्चाराने वाचणंही बऱ्यापैकी जमतं. अर्थ मात्र कळत नाही. नुसती फर्ज नमाज धरली तरी दिवसाच्या 17 रकात (नमाजची आवर्तनं) होतात, म्हणजे सूरह फातिहा 17 वेळा. रोज इतक्यांदा जे तोंडून जातं ते कळावं असं वाटायला लागलं की माणूस अरबी शिकायचं मनावर घेतो. मग प्रश्न येतो, सुरुवात कुठून करायची?

नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यासमोर खऱ्या अर्थाने दोनच वाटा आहेत. बाकीच्या दोन-तीन आधी बाजूला करते. धर्मपंडित घडवणारा मदरशातला आलिम कोर्स म्हणजे दर्स-ए-निजामी. त्याची खोली वादातीत आहे, पण तो सात-आठ वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास आहे आणि आपल्याकडे तो मुख्यतः उर्दूतून होतो. सोलापूर-कोल्हापूरकडे घरात दखनी आणि शाळा मराठी असलेल्यांना आधी उर्दू वाचायला शिकावं लागेल. मोबाइलवरची बहुतेक अ‍ॅप आजची, वर्तमानपत्रातली अरबी शिकवतात. व्याकरणाचा पाया तोच असला तरी शब्द वेगळ्या दिशेने जातात. तिथे पहिल्याच आठवड्यात 'सय्यारा' म्हणजे मोटार असं शिकाल. सूरह यूसुफमध्ये यूसुफ अलैहिस्सलाम यांना विहिरीतून काढणारा 'सय्यारा' हा वाटसरूंचा तांडा आहे. आणि कुवेत-दुबईत राहून आलेल्या आपल्या कोकणी भावांची बाजारातली अरबी कामाला उत्तम, पण त्या बोलीत शब्दांच्या शेवटचे जबर-जेर-पेश (अ-इ-उ स्वरांच्या खुणा) गळून जातात. कुरआनचा अर्थ तर त्यांवरच उभा आहे.

आता मुख्य तुलना.

पहिली वाट शब्दांची. हैदराबादच्या अंडरस्टँड कुरआन अकॅडमीमुळे ही पद्धत आपल्याकडे घरोघरी पोचली. नमाजमधल्या सूरह आणि दुआंपासून सुरुवात करायची आणि जे शब्द कुरआनात वारंवार येतात ते आधी पाठ करायचे. हिशेब पटण्यासारखा आहे. कुरआनात सुमारे 77,000 शब्द आहेत, पण त्यांचे मूळ धातू 2,000च्याही आत. एकटं 'काला' (तो म्हणाला) हे क्रियापद आपल्या वेगवेगळ्या रूपांत 1,600हून अधिक वेळा येतं. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत नमाजमध्ये उभं राहणं बदलतं, हे मी मनापासून सांगते. रुकूत 'सुब्हान रब्बियल अजीम' म्हणताना आपण काय म्हणतोय ते कळायला लागतं. हे फार मोठं आहे, याला कुणी हलकं लेखू नये.

पण 'सव्वाशे शब्दांत निम्मं कुरआन' अशी जाहिरात दिसली की थोडं थांबा. गणित बरोबर असतं, मात्र त्या निम्म्यात मिन, फी, अला, इन्ना, अल्लजी असे छोटे शब्दच जास्त भरतात. आयतीचा गाभा बहुधा उरलेल्या निम्म्यात असतो.

याहून मोठी अडचण एका आयतीवरून दाखवते. सूरह फातिर, आयत 28 : 'इन्नमा यख्शल्लाह मिन इबादिहिल उलमा'. सुटे शब्द लावले तर : भितो, अल्लाह, त्याच्या बंद्यांपैकी, विद्वान. क्रियापदाच्या पाठोपाठ अल्लाहचं नाव येतं म्हणून नुसते शब्द जुळवणारा अर्थ थेट उलटा लावेल, नाऊजुबिल्लाह. खरा अर्थ ठरतो दोन खुणांवर : 'अल्लाह'च्या शेवटच्या 'ह'वर जबर आहे, म्हणजे ते कर्म, 'उलमा'च्या शेवटी पेश आहे, म्हणजे तो कर्ता. अल्लाहचं भय खऱ्या अर्थाने बाळगतात ते त्याच्या बंद्यांमधले जाणकार. याला एराब म्हणतात, आणि मराठी माणसाला हे जड जायचं कारण नाही. 'वाघाला माणूस भितो' या वाक्यात वाघ आधी आला तरी कोण कोणाला भितो हे आपल्याला '-ला'वरून कळतंच की.

हा एराब शिकवते दुसरी वाट, व्याकरणाची. माझी पसंती इथे मदीना बुक्सना. मदीना इस्लामी विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी अरबी मातृभाषा नसलेल्यांसाठी लिहिलेले हे तीन भाग. ते मूळचे तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे, त्यामुळे बाहेरच्याला कुठे अडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या भागात 23 धडे आहेत आणि सुरुवात 'हाजा बैतुन', हे घर आहे, इतकी सोपी. तिसऱ्या भागापर्यंत धातूंपासून बनणारे सगळे बाब, म्हणजे क्रियापदांचे साचे, येतात, आणि एक धातू शिकला की कुटुंबच ओळखीचं होतं : गफर, गफूर, गफ्फार, मग्फिरत, आणि मागणं दाखवणाऱ्या बाबातला इस्तिगफार, म्हणजे क्षमा मागणं. इंग्रजी मार्गदर्शिका आणि लेखकांचे तासही नेटवर आहेत.

उणी बाजू सांगायलाच हवी. पहिले काही महिने घर, दार, पेन, मशीद यांतच जातात, आयती कमी भेटतात आणि बरेच जण तिथेच सोडतात. शिक्षकाशिवाय दुसरा भाग अवघड जातो. नियमित तास दिले तरी तिन्ही भागांना दोन-तीन वर्षं धरून चाला.

म्हणून माझा सल्ला असा. घरकामातून कसाबसा वेळ काढणाऱ्या आईने किंवा साठीच्या पुढच्या चाचांनी शब्दांचीच वाट धरावी आणि सोबत भरवशाचं भाषांतर ठेवावं. पंचवीस-तिशीतल्यांनी शब्दांचा पहिला टप्पा नमाजपुरता करून लगेच मदीना बुक्स उघडावीत. वर्षभर नुसते शब्दच घोकत बसू नये. दहावी-बारावीच्या मुलांना महाराष्ट्र बोर्डात अरबी विषय घेता येतो, शाळा-कॉलेजात सोय असेल तर ती सोडू नका. आणि कुठल्याही वाटेवर लीड्स विद्यापीठात तयार झालेलं कुरआनिक अरेबिक कॉर्पस हाताशी ठेवा. त्यात कुरआनमधल्या प्रत्येक शब्दाचा धातू, रूप आणि विभक्ती मोफत पाहता येते.

फी भरण्यापूर्वी शिक्षकांना एकच विचारा : एराब शिकवणार का, आणि कुठल्या महिन्यात? उत्तर गोलमोल आलं तर दुसरा वर्ग शोधा.