तलावाची वही: रूपानुसार की कुळानुसार?

गावच्या तलावातल्या वनस्पतींची नोंद करायला घेतली की पहिल्याच पानावर अडायला होतं: रकाने कसे पाडायचे? वनस्पती पाण्यात कशी राहते त्यावरून, म्हणजे तरंगत्या, बुडालेल्या, पानं पाण्यावर टेकवणाऱ्या, काठावर उभ्या असे? की सरळ कुळांप्रमाणे? जळगावचा मेहरूण, मुक्ताईनगरकडचा हरताळा आणि हतनूर धरणाचा फुगवटा, इथल्या वह्या मी दोन्ही तऱ्हांनी भरल्या आहेत. प्रकल्पाला बसलेली मुलं विचारत असतात, म्हणून लिहितो आहे.

रूपानुसार रकाने पाडायचा मोह होतो, आणि तो चुकीचा नाही. काठावर उभं राहिलं की पट्टेच दिसतात. कडेला पाणकणीस आणि लव्हाळा, मग कुमुदाची, शिंगाड्याची टेकलेली पानं, त्यापलीकडे बुडालेली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया. खोली वाढत जाते, तळाशी पोचणारा उजेड कमी होतो, आणि त्याप्रमाणे वनस्पती आपापली जागा घेतात. फुलाची वाट बघावी लागत नाही. एका दिवसाचं शिबिर असेल, किंवा तलावाचा किती भाग तणाने झाकलाय एवढंच कुणाला हवं असेल, तर ही पद्धत पुरते.

कुळाची वाट चढणीची आहे. ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे लक्षणं पडताळत नावापर्यंत नेणारे तक्ते, फुलावर चालतात, आणि हायड्रिलाचं फूल नजरेस पडणं नशिबाचं काम. नायास या बुडालेल्या वनस्पतीचं तर भिंगाशिवाय कळतच नाही. त्यात कुळं बदललेली. टिकलीएवढी लेम्ना जुन्या पुस्तकांत स्वतःच्या वेगळ्या कुळात होती. 1998 पासूनच्या एपीजी पद्धतीत (जनुकांवरून नातं ठरवणारं फुलझाडांचं नवं वर्गीकरण) ती अळू-सुरणाच्या कुळात गेली. शिंगाडा आता मेंदी आणि डाळिंबाच्या कुळात आहे. जुनं पुस्तक आणि मोबाइलवरचं अ‍ॅप समोरासमोर ठेवलं की नवखा माणूस गोंधळतोच.

तरीही माझं मत कुळाकडे झुकलं, ते पाण्याच्या पातळीमुळे. आपल्याकडचं पाणी एका जागी राहत नाही. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडतात, पुढे धरण भरतं, मग आवर्तनं सुटली की फुगवटा मागे सरकत जातो. लहान तलाव तर वैशाखापर्यंत तळ दाखवतात. मार्सिलिया हा पाण्यातला नेचा घ्या. दिवाळीच्या सुमारास तिची चार-चार पानं पाण्यावर टेकलेली असतात, देठ पाण्याच्या खोलीएवढे लांब आणि लुळे. चैत्रात त्याच जागी चिखल असतो आणि तीच मार्सिलिया बोटभर ताठ देठांवर उभी असते. बुडाशी बघितलं तर घेवड्याच्या दाण्यांसारखी बीजाणुफळं धरलेली. हिवाळ्याच्या पानावर ती ‘टेकणाऱ्या’त, उन्हाळ्याच्या पानावर ‘काठावरच्या’त. नाळीच्या भाजीचं तेच: कधी पाण्यावर पसरलेली, कधी चिखलात मुळं रोवून. कमळाची पहिली पानं पाण्यावर टेकतात, नंतरची वर उठतात. वर्षाअखेरीला दोन ऋतूंची बेरीज करायला बसलं की एकच जात दोनदा मोजली जाते, आणि कुठली खरंच नवी आली ते सापडत नाही. मला हा त्रास सोसवला नाही. बारमाही, स्थिर पाण्यावर काम करणाऱ्याला तो इतका जाणवणार नाही कदाचित.

दुसरा मुद्दा प्रसाराचा. रूपाच्या रकान्यात जलपर्णी आणि लेम्ना शेजारी शेजारी बसतात, दोन्ही तरंगत्या. पण जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. तिचं दिसणं आणि लेम्नाचं दिसणं ही एकाच वजनाची नोंद नव्हे. उलट आपली साधी हायड्रिला अमेरिकेत गेली आणि तिथे कालवे अडवणारं तण झाली. बुडून वाढणारं सेराटोफायलम जवळपास जगभर आहे. कोण कुठून आलं, कुठवर पसरलं हे नावाला आणि कुळाला धरूनच शोधता येतं. कमळ आणि कुमुद शेजारी वाढतात म्हणून जवळचे वाटतात, पण नव्या वर्गीकरणात ते एकमेकांपासून फार लांब आहेत.

म्हणून मी वहीचा सांगाडा कुळाचा ठेवतो आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवशीचं रूप, तारीख आणि पाणी कुठवर होतं ते लिहितो. फूल नसेल तर निदान प्रजातीपर्यंत (जीनस, जातीच्या वरची पायरी) तरी बोटांनी पोचता येतं. हायड्रिलाच्या पानांची कड खरखरीत लागते. सेराटोफायलमची पानं दुभंगत जातात आणि त्याला मुळंच नसतात. नमुना पिशवीत कोंबू नका, लगदा होतो. बाटलीत तलावाचंच पाणी घेऊन त्यात आणा. घरी परातीत पाण्यावर पसरवा, खालून जाड कागद सरकवा आणि कागद तिरपा धरून हळूच वर उचला. पानं जशी पाण्यात होती तशी कागदावर बसतात, आणि फूल सापडेल तेव्हा ताडून बघायला नमुना हाताशी राहतो.