पाशेन-बीटा घ्यावी की ब्रॅकेट-गॅमा?

तेजोमेघातला हायड्रोजन जमिनीवरून अवरक्तात टिपायचा, तर निवड बहुधा त्याच्या दोन रेषांमध्ये, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशात असते: १.२८२ मायक्रॉनची पाशेन-बीटा आणि २.१६६ ची ब्रॅकेट-गॅमा. पाशेन-आल्फा दोघींहून ठळक, पण १.८७५ वर हवेतली वाफ ती गिळते.

कागदावर पाशेन-बीटा पुढे. १०,००० केल्विनच्या वायूत ती ब्रॅकेट-गॅमाच्या जवळपास ५.९ पट तेजस्वी असते. मृगातल्या तेजोमेघासमोर धूळ विरळ आहे, तिथे हा फरक चौपटीहून जास्त उरतो. शिवाय ब्रॅकेट-गॅमा ज्यात येते त्या के पट्ट्यात (२.२ मायक्रॉनच्या आसपास) दुर्बिणीचे आरसेच उष्णतेने झळकतात. लडाखमधल्या हानलेसारख्या ४,५०० मीटरवरच्या थंड जागी ही झळ कमी, तरी असतेच. धूळ आखूड तरंगलांबी जास्त अडवते; त्यामुळे तिने केलेली दृश्य प्रकाशातली घट १२ प्रतींच्या (प्रत म्हणजे तेजाचं खगोलीय माप) आसपास गेली की मात्र दोघी बरोबरीत येतात. धनूतल्या एम १७ या तेजोमेघाच्या नैर्ऋत्येकडच्या ढगात धूळ त्याहूनही दाट आहे.

तरी माझा कौल ब्रॅकेट-गॅमाला, आणि तो ठरला हवेतल्या ऑक्सिजनच्या १.२७ मायक्रॉनवरच्या झळाळीमुळे. दिवसा ऊन ओझोन फोडतं, त्यातून उद्दीपित झालेला ऑक्सिजन सूर्यास्तानंतर तास-दोन तास झळाळत विझत जातो. एक टक्का रुंदीच्या पाशेन-बीटा फिल्टरमध्ये त्याची कड शिरते. हानलेच्या दुर्बिणीवरच्या टिरस्पेकसारख्या अवरक्त उपकरणाची चौकट पाचेक कलामिनिटांची (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), मृगातला तेजोमेघ अंशभर पसरलेला. दुर्बीण जागच्या जागी थोडी हलवून आकाशाची स्वतःची झळाळी मोजली आणि वजा केली, तर तेजोमेघच वजा होतो. म्हणून अंशभर दूर जाऊन आकाश घ्यावं लागतं, आणि तेवढ्यात झळाळी उतरलेली असते. आधीचं आकाश वापरलं तर बाहेरच्या फिकट झालरी ऋण आकड्यांत जातात, नंतरचं वापरलं तर नसलेली झालर उगवते. आकाश-लक्ष्य-लक्ष्य-आकाश असा क्रम लावून दोन्ही आकाशांची सरासरी घेतली की बरंच सावरतं, पूर्ण नाही.

ब्रॅकेट-गॅमालाही हवेतल्या हायड्रॉक्सिल (OH) रेणूंच्या रेषा छळतात, पण तिच्या फिल्टरमध्ये हा सतत उतरणारा ऑक्सिजन नाही. शेजारीच २.१२२ वर रेण्वीय हायड्रोजन मिळतो: मृगातल्या तेजोमेघाच्या 'बार' नावाच्या उजळ कडेवर आयनीभूत वायूच्या सीमेपासून दहा-पंधरा कलासेकंद आत त्याची पट्टी स्पष्ट उठते. वर्णपट घेताना हवेचं शोषण काढायला ए० वर्गाच्या प्रमाणताऱ्याच्या वर्णपटाने भागतात; त्याआधी त्याची स्वतःची हायड्रोजनची शोषणरेषा भरून काढायची, नाहीतर खोटं उत्सर्जन दिसतं. हे दोन्हीकडे सारखंच.

वेळ असेल तर दोन्ही घ्या, त्यांच्या भागाकारातून धुळीचा नकाशा निघतो. आधी ब्रॅकेट-गॅमा, आणि रात्र मुरल्यावर पाशेन-बीटा.