डुगडुगणारा कॉम्बायनर: किट आणावं की फेव्हिकॉल लावावा?

कंबरेचा दाता गेलेला कॉम्बायनर डुगडुगतो, किट आणावं का, असं तुम्ही विचारलंत. कॉम्बायनर म्हणजे काही छोटे ट्रान्सफॉर्मर रोबो जोडून होणारा मोठा रोबो; सुटे केले की त्यांच्या गाड्या नाहीतर विमानं होतात. २०१५ च्या कॉम्बायनर वॉर्स मालिकेतला सुपेरियन किंवा मेनासॉर ज्याच्या कपाटात आहे, त्याला दुखणं सांगायला नको. पाचपैकी चौघांतला कोणीही हात होतो, कोणीही पाय, कल्पना झकासच. पण जोडणी झाली की सगळा भार पाय झालेल्या दोघांच्या गुडघ्यांवर येतो, आणि ते गुडघे मुळात एकट्या छोट्या रोबोपुरते. त्यात पंजा म्हणूनही आणि पाऊल म्हणूनही तोच एक तुकडा. पाय जरा फाकवले की पाऊल कडेवर उभं राहतं. बदली दुसरा घेऊ म्हणाल, तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह सक्तीचं आहे आणि आयात शुल्क २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. नागपुरात बर्डीच्या बाजारात असलं काही मिळण्याची आशा मी तरी सोडली आहे. तेव्हा आहे तोच धड उभा करायचा.

किट म्हणजे वेगळे विकत मिळणारे नवे पंजे आणि नवी पावलं. बोटं हलतात, घोटा कडेला झुकतो, तळ रुंद. किट लावून उभा केला की दिमाख काही औरच, हे मान्य. ज्यांचा रोबो एकदा जोडला की काचेआडून हलत नाही, त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

माझ्याकडे मात्र भाचा येतो आणि त्याला सुपेरियनची विमानं हवी असतात. रोबो सुटे केले की किटचे ते चार ठोकळे जायचे कुठे? मूळचा पंजा निदान छोट्या रोबोच्या हातात शस्त्र म्हणून खपून जातो. किटचं पाऊल त्याच्या हातात दिलं तर बिचारा तोंडावर पडतो. मग ठोकळे डब्यात, डबा माळ्यावर, आणि पुढच्या वेळी जोडताना डावं पाऊल गायब. १९८५ च्या डेव्हास्टेटर या जुन्या कॉम्बायनरच्या मुठी आणि छाती अशाच सुट्या असायच्या. २०१५ च्या रचनेची खरी कमाई हीच, की सुट्या तुकड्यालाही काम मिळालं. पैसे मोजून जुनं दुखणं परत घरात आणायचं, हे मला काही पटलं नाही.

फेव्हिकॉलचं तसं नाही. सांध्याचा गोळा खोबणीतून काढायचा, टूथपिकनं पातळ थर द्यायचा आणि सुटाच ठेवून रात्रभर वाळू द्यायचा. पांढरा थर पारदर्शक झाला की बसवायचा. जाड झाला तर नखानं सोलला की अख्खी साल निघते, प्लास्टिकला ओरखडा नाही. गुडघ्याची पिन निघत नाही. तिथे पाण्यात पातळ केलेला थेंब फटीत सोडून सांधा अधूनमधून हलवत राहायचं. नेलपॉलिश बरेच जण सुचवतात, पण त्यातलं एथिल अ‍ॅसिटेट एबीएस प्लास्टिक मऊ करतं. झटपट गोंद तर सांधा कायमचा धरून बसू शकतो.

आता याच्याही खोडी आहेत. कटकट आवाज करत दात्यांवर फिरणारा सांधा झिजला असेल तर फेव्हिकॉल कामाचा नाही. पाऊल कडेवर उभं राहतं तेही यानं सुधारत नाही; मी पाय कमी फाकवतो, एवढंच. शिवाय हा गोंद तीस-चाळीस अंशांनंतर मऊ पडू लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. कूलरसमोर ठेवाल तर ओल वेगळीच. नवतपा लागला की माझा मेनासॉर हळूच डावीकडे कलतो. पहिल्या पावसानंतर जुना थर सोलायचा, नवा लावायचा. लहान डबी कितीतरी वर्षं पुरते.

तुमचा कंबरेचा दाता खरंच गेला असेल, तर किटच्या पावलांनीही फार फरक पडेल असं वाटत नाही. आधी स्क्रू उघडून आतली स्प्रिंग जागेवर आहे का ते बघा.