इंटर्नल ऑडिट: भोसरीतल्या आमच्या युनिटचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी कायदा 2013 च्या कलम 138 प्रमाणे प्रायव्हेट कंपनीला इंटर्नल ऑडिट (कंपनीने स्वतःच्याच कामकाजाची करून घेतलेली तपासणी) सक्तीचं होतं ते उलाढाल 200 कोटींवर किंवा बँकेचं कर्ज 100 कोटींवर गेलं की. आम्ही त्याच्या आसपासही नाही. तरी एरंडवण्यातल्या एका सीए फर्मकडून हे ऑडिट करून घेतो, आणि त्याचा पैसा वसूल झालाय.

ही मंडळी टॅलीतले हिशेब उघडण्याआधी गेटवर जातात. भंगाराचंच बघा. टर्निंगचा, म्हणजे मशीनवर निघालेल्या धातूच्या चुऱ्याचा, टेम्पो वजनकाट्यावर जातो. रिकामं वजन, भरलेलं वजन, पावती, सगळं फाइलला लावलेलं. वार्षिक ऑडिटमध्ये पावत्या आणि बिलं जुळली की विषय संपायचा. या फर्मच्या मॅडमनी त्याच पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "टाकीतलं डिझेल कमी-जास्त होतं, मग रिकाम्या टेम्पोचं वजन दर वेळी अगदी तेवढंच कसं?" टेम्पो रिकामा तोललाच जात नव्हता, जुना आकडा तसाच उतरवला जायचा! आता गाडी आधी रिकामी काट्यावर चढते आणि स्टोअरचा माणूस सोबत जातो. चोर कोण, याच्या मागे त्या लागल्या नाहीत. फट कुठे आहे ते दाखवलं, मला तेच हवं होतं.

बाहेर प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) गेलेल्या मालाची चलनंही त्यांनी तारखेप्रमाणे लावून दिली. जीएसटीत हा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवल्या दिवसापासून विक्री धरतात आणि व्याजासकट कर लागतो.

तक्रारी दोन. आर्टिकलची, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये काम शिकणारी, मुलं सारखी बदलतात, दर वेळी कारखान्यातलं काम नव्याने समजावून सांगावं लागतं. आणि पहिला रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत होता, फोरमनच्या काय कामाचा? सांगितल्यावर मुद्दे मराठीत द्यायला लागले.

कुणी घेणार असेल तर रिपोर्ट थेट डायरेक्टरच्या हातात येईल असं आधीच ठरवून घ्या, अकाउंट्समार्फत नको. आपल्या वार्षिक ऑडिटरलाच हे काम देता येत नाही, कंपनी कायद्याचं कलम 144 आडवं येतं. आणि फर्म ठरवताना स्पष्ट विचारा, स्टोअरमध्ये माल मोजायला रिपोर्टवर सही करणारे सीए स्वतः येणार की फक्त मुलं पाठवणार?